काचेचं टेबल पुसून पुसून पांढुरकं होतंय, काय चुकतंय?

गुळपोळी | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. विषय अगदीच घरगुती आहे, पण तीन महिने डोक्याला ताप झालाय म्हणून इथे टाकतेय.

आमच्याकडे (राजेंद्रनगर, इंदूर) सहा खुर्च्यांचं काचेचं डायनिंग टेबल आहे. १२ मिमीची टफन काच, खाली स्टीलचे पाय. आणलं तेव्हा काच आहे की नाही ते हात लावून बघावं लागायचं. आता दिवसभर बरं दिसतं, पण संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आलं की काचेवर ताकाचा हात फिरवल्यासारखं दिसतं. फडकं कुठून कुठे फिरलंय ते मोजून घ्या.

करून झालेले उपाय: निळा स्प्रे (दोन बाटल्या), वर्तमानपत्र, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र (व्हिडिओ बघून), शांपू, आणि सांगायला लाज वाटते, पण एकदा टूथपेस्ट. स्प्रे मारला की पाच मिनिटं चकाचक. वाळलं की ये रे माझ्या मागल्या.

सासूबाई "लाकडाचं घ्या म्हटलं होतं मी" हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकवतात. पुढच्या महिन्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, बायका त्याच टेबलावर आंब्याची डाळ आणि पन्हं घेणार. काहीतरी सुचवा.

पोहे_कम_जीरावन_जादा | रात्री १०.५२

टेबलक्लॉथ. पुढचा प्रश्न?

गुळपोळी | रात्री १०.५५

टेबलक्लॉथच घालायचा होता तर प्लायचं घेतलं असतं भिया, निम्म्या पैशात.

ग्वाल्हेरची_आत्या | मंगळवार, सकाळी ६.१५

अगं, तुम्ही मुली आधी बाटल्या आणता आणि मग चिंध्या शोधता. आमच्या मधल्या खोलीत सासऱ्यांच्या वेळची काचेची दोन कपाटं आहेत. एकाची काच इतकी जुनी, की पलीकडची भांडी पाण्यात बुडल्यासारखी हलतात. तिला आजतागायत स्प्रे लागलेला नाही. जुन्या धोतराचा तुकडा ओला करून घट्ट पिळायचा, पुसायचं, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या तुकड्याने हात फिरवायचा. धोतरच का, तर हजार वेळा धुतलेल्या सुताची लव केव्हाच निघून गेलेली असते. टर्किश टॉवेल घेतलास तर काचेवर केसच केस. आणि ऊन पडलेल्या काचेला हात लावायचा नाही. तापलेल्या काचेवरचं पाणी तू पुसायच्या आतच सुकतं आणि रेघ तिथेच बसते.

पाहुणे आले की मी जयविलास राजवाडा दाखवायला नेते. तिथे काचेचं फर्निचरही आहे, आणि दरबार हॉलमधली ती दोन झुंबरं, एकेक साडेतीन टनांचं. छत ते पेलेल का हे बघायला आधी वर हत्ती चढवले होते अशी गोष्ट सांगतात. सगळे आ करून हत्तींची गोष्ट ऐकतात. माझ्या मनात दर वेळी एकच, हे पुसतं कोण?

काचकाप्या | सकाळी ९.३०

आत्या, प्रणाम. 😄

आमच्या घरात काच कापायचं आणि बसवायचं काम दोन पिढ्या चालू आहे (जुनी इंदूर), म्हणून दोन गोष्टी आधीच सांगतो, नाहीतर इथलं वाचून कुणीतरी ब्लेड हातात घेईल.

ताई, काच टफन आहे ना? कोपऱ्यात शिक्का असेल. टफन काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यामुळे वरची कातडी घट्ट दाबून बसवल्यासारखी होते, ताण आतल्या भागात राहतो, आणि काच साध्या काचेच्या चारपाच पट मजबूत होते. पण भट्टीतल्या रोळावरून जाताना काही वेळा काचेची बारीक कणी पृष्ठभागाला चिकटून भाजली जाते, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. ब्लेड फिरवलं की ती कणी उचकटते आणि ब्लेडखाली फरफटत जाते. मग जी रेघ पडते ती जन्माची. टफन काचेला ब्लेड नाही, हिरवी घासणी नाही, तारेची तर नाहीच.

दुसरं म्हणजे कोरडं पुसणं. बहुतेक काचा डागाने नाही, धुळीने खराब होतात. काचेचा कठीणपणा मोहच्या मापावर साडेपाचच्या आसपास आणि वाळूतल्या गारेचा ७. शेजारी बांधकाम असेल तर हवेतून येणारी धूळ म्हणजे नर्मदेची वाळूच समजा. त्यावर कोरडं फडकं दाबून फिरवलं की झाला पॉलिश पेपर. आधी मऊ झटकणीने किंवा चांगल्या ओल्या फडक्याने धूळ उचला, दाबू नका, मग काय ते पुसा.

आणि त्या सोडा-व्हिनेगरच्या व्हिडिओवाल्याला माझा नमस्कार सांगा.

रसायन_तात्या | सकाळी ११.०५

त्या नमस्कारात माझाही एक. सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल. एकत्र केले की फेस सुंदर येतो आणि दोघांचं काम जातं. फेस हा वायू, उडून जातो. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, जे वाळून आणखी एक पांढरा थर देतं. वापरायचं तर एकेक.

गुळपोळी, तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मोलाची आहे, "ओलं असताना चकाचक, वाळलं की तेच". याचा अर्थ पृष्ठभागावर काहीतरी खरबरीत आहे. ओलं असताना पाणी त्यातल्या बारीक फटी भरून काढतं, उजेड सरळ पार जातो. वाळलं की फटी उघड्या आणि उजेड विखुरतो. आता हे खरबरीत म्हणजे वर बसलेला थर आहे की काचच झिजली आहे, तेवढं बघायचं. थर असेल तर निघेल. काच झिजली असेल तर हळदीकुंकवाला पोहेवाल्यांचा टेबलक्लॉथ.

परीक्षा घरीच करा. टेबलाच्या एका कडेला तीन जागा घ्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या.

पहिल्या जागी भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि कोमट पाणी, बोटाने चोळून पुसा. दुसऱ्या जागी व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दहा मिनिटं ठेवून द्या. तिसऱ्या जागी स्पिरिटचा बोळा. तिन्ही पिण्याच्या पाण्याने पुसून कोरड्या करा आणि संध्याकाळच्या त्या तिरप्या उन्हात बघा. साबणाची जागा स्वच्छ दिसली तर तेलकटपणा. व्हिनेगरची दिसली तर पाण्यातले क्षार. स्पिरिटची दिसली तर स्प्रेचा किंवा गोंदाचा चिकट थर. तिन्ही तशाच राहिल्या तर मग काचकाप्यांकडे जा.

तोवर एवढं सांगा, पुसायला पाणी कुठलं?

गुळपोळी | दुपारी १.२०

पाणी... बोअरचं. म्हणजे नर्मदा एक दिवसाआड येते, ती पिण्याची. पुसण्याचं पाणी बाल्कनीतल्या निळ्या टबातलं.

रसायन_तात्या | दुपारी १.२६

टबात कुठून येतं?

गुळपोळी | दुपारी १.४१

आरओची जी दुसरी नळी असते ना, फेकायच्या पाण्याची, ती आमच्या अहोंनी टबात सोडली आहे. पाणी वाया घालवायचं नाही हा घरचा कायदा. झाडू-पोछा, टेबल, खिडक्या सगळं त्याच पाण्याने. मी स्वच्छ पाणीच समजत होते, दिसायला तर काचेसारखं असतं.

काचकाप्या | दुपारी १.४३

🙏🙏🙏

रसायन_तात्या | दुपारी २.३०

सापडला चोर. जेवून येतो आणि सविस्तर लिहितो.

पोहे_कम_जीरावन_जादा | दुपारी २.३४

इंदूरचा स्वच्छतेत नंबर येतो तो असल्या नवऱ्यांमुळेच. फक्त यांचं टेबल मायनसमध्ये.

बाय द वे, छप्पन दुकानवर परवा पोह्यांत कांदा आधीच मिसळून दिला. ही पद्धत कधीपासून?

सराफा_रात्री | दुपारी २.५०

कांदा वरूनच. ज्यांना कळत नाही त्यांनी उपवास करावा.

धागा_सांभाळ | दुपारी ३.१०

पोहे दुसऱ्या धाग्यावर. इथे काच.

रसायन_तात्या | दुपारी ३.४५

आरओ पाणी स्वच्छ करत नाही, वाटणी करतो. आत गेलेल्या पाण्यातले क्षार जाळीच्या एका बाजूला राहतात, दुसऱ्या बाजूला गोड पाणी येतं. म्हणजे फेकायच्या नळीत आलेलं पाणी बोअरपेक्षाही जड. माझ्याकडे क्षार मोजायचं पेनासारखं मीटर आहे, जेलरोडवरून घेतलेलं. आमच्या (सुदामानगर) बोअरचं पाणी ७८० दाखवतं, आरओचं ४५, फेकायच्या नळीचं १३००. आकडे मिलिग्रॅम दर लिटरला. पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची चांगली मर्यादा ५००.

आता हिशेब. ओल्या फडक्याने टेबल पुसल्यावर काचेवर २० मिली पाणी वाळतं असं धरू. १३०० च्या पाण्यात २० मिली म्हणजे २६ मिलिग्रॅम क्षार. दिवसातून दोनदा, तीन महिने, म्हणजे १८० वेळा. साडेचार ग्रॅमच्या वर गेलं! एवढं सगळं बसत नाही, कारण पुढचं फडकं मागचं थोडं उचलतं, आणि त्यातलं साधं मीठ पाण्यात परत विरघळतं. पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट एकदा वाळले की साध्या पाण्याला दाद देत नाहीत. तुम्ही टेबल पुसत नव्हतात, रोज पातळसा चुना देत होतात.

ग्वाल्हेरची_आत्या | दुपारी ४.००

आणि मी इकडे धोतर सुचवतेय! पण पाण्याचं म्हणशील तर खरं आहे. माझी बहीण इंदुरात रामबागेत दिली होती. १९७८ साली नर्मदा आली तेव्हा तिने पत्रात पहिलं वाक्य लिहिलं होतं, "आता डाळ शिजते."

गुळपोळी | बुधवार, संध्याकाळी ६.५०

तात्या, परीक्षा केली. सासूबाईंनी विचारलं काय चाललंय, म्हटलं पॅथॉलॉजी.

साबणाची जागा थोडी बरी, पण पांढुरकीच. स्पिरिटची जवळजवळ तशीच. व्हिनेगरच्या जागी मात्र नाण्याएवढं भोक पडल्यासारखं दिसतंय, त्यातून खालची फरशी स्पष्ट. बोट फिरवलं तर तिथे गुळगुळीत, आणि कडेला आलं की किंचित कचकच. इतके दिवस हात फिरवत होते तरी ही कचकच कधी कळली नव्हती.

काच वाचली म्हणायची?

रसायन_तात्या | रात्री ८.१५

वाचली. वरचा थरच आहे. आता क्रम चुकवू नका, आधी साबण, मग आम्ल. व्हिनेगर तेल काढत नाही. पोह्यांचा, शेवेचा तेलकट हात काचेवर असेल तर आम्ल त्या तेलावरून घसरून जातं, क्षारापर्यंत पोहोचतच नाही. भांड्याचा साबण अर्ध्या बादलीत चारपाच थेंब, जास्त नाही. जास्त साबण हा स्वतःच एक थर होतो.

व्हिनेगरचा वास नको असेल तर निंबूसत घ्या. सियागंजात किंवा कुठल्याही किराण्यात मिळेल. पेलाभर पाण्यात एक छोटा चमचा. त्यात सुती फडकं भिजवा, काचेवर पसरा, १०-१५ मिनिटं तसंच राहू द्या. ओतू नका, फडक्यात धरलेलंच पाणी हवं. मग उचला, आरओच्या गोड्या पाण्याने दोनदा पुसा आणि लगेच कोरडं करा. थर जाड असेल तिथे परत. जोर लावायचा नाही, वेळ द्यायचा.

आणि हे आम्ल कुठल्याही ब्लीचिंगवाल्या बाटलीच्या जवळपास नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

पलासियाची_नवी_सून | रात्री ८.४०

एक माझ्याकडून, अनुभवाचे बोल. फडकं कडेवरून लोंबकळत ठेवू नका. मी मागच्या दिवाळीत सेंटर टेबलवर असंच व्हिनेगरचं फडकं पसरलं आणि फोन आला म्हणून आत गेले. काच छान निघाली. खाली संगमरवराची फरशी होती, तिथे जिथे जिथे थेंब पडले तिथे तिथे चमक गेली, अकरा टिपके. पॉलिशवाल्याने सांगितलं, डाग नाहीत हे, दगडच खाल्लाय. सासरे रोज त्याच जागी पेपर वाचत बसतात. काही बोलत नाहीत, फक्त पाय टिपक्यांवर ठेवतात.

काचकाप्या | रात्री ९.०५

😂 बरोबर आहे, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, तात्यांच्या चुन्याचा मोठा भाऊ. कोटा फरशीचंही तेच.

ताई, काचेखाली सिलिकॉनची पारदर्शक बटणं असतील, ज्यांवर काच टेकते. त्यांच्या भोवती तेलकट गोल दिसतो, तो क्षाराचा नाही. स्पिरिटने निघतो. पण काच एकट्याने उचलू नका. १२ मिमीची काच चौरस मीटरला ३० किलो भरते, सहा खुर्च्यांचं टेबल म्हणजे ४०-४५ किलो. टफन काच मधोमध हातोडा सोसेल, पण उचलताना कोपरा फरशीला टेकला की दाणे दाणे.

आणि एक, ज्यांच्याकडे टीव्हीखालचं टेबल "काचेचं" आहे त्यांनी आधी टिचकी मारून बघा. टण् वाजलं तर काच, टक् वाजलं तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकला स्पिरिट किंवा अमोनियावाला स्प्रे लागला की आतून बारीक चिरा धरतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. त्यावर इलाज नाही. आरशावरही स्प्रे थेट मारू नका, फडक्यावर मारा. ओघळ खाली कडेला जातो, मागे शिरतो आणि आरशाच्या कडा काळ्या पडतात ते त्यामुळे.

सराफा_रात्री | रात्री ९.३०

आमच्या काचेच्या कॉर्नर पीसवर तीन वर्षं मनीप्लांटची कुंडी होती. खाली पांढरं वर्तुळ. निंबूसत, व्हिनेगर, सगळं झालं, ढिम्म. हेही क्षारच ना?

काचकाप्या | रात्री ९.४८

सुरुवातीला क्षार होते. तीन वर्षं कुंडीखाली ओल कोंडून राहिली ना, तर काचेतला सोडा त्या पाण्यात उतरतो, पाणी खारट-आम्लारी होतं आणि तेच उलट काचेला खातं. गोदामात ओल्या काचा एकावर एक राहिल्या तर आमच्याकडेही हे होतं, अख्खा गठ्ठा आंधळा निघतो. फार खोल नसेल तर सेरियम पावडरने घासून येतं, पण मशीनवर, नाहीतर काच लाटा मारते. खरं सांगू? तिथे परत कुंडीच ठेवा. पण खाली बशी आणि बशीखाली बुचाचे तुकडे.

अहो_२०७ | गुरुवार, सकाळी ७.०५

मी या मंचावर नवीन. वरील गुळपोळी यांचे अहो.

माझी बाजू मांडतो. आमचा आरओ एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे दीड-दोन लिटर फेकतो. ते गटारात जाताना मला बघवत नाही. आमच्या वडिलांनी जुन्या घरी विहिरीवरून पाणी शेंदलेलं आहे. टबाचं पाणी दिसायला स्वच्छ होतं, वास नव्हता. त्यात गुन्हा काय ते समजावं.

रसायन_तात्या | सकाळी ७.४०

गुन्हा काहीच नाही, जागा चुकली. तेच पाणी संडासात टाका, अंगण धुवा, पायपुसणी भिजवा, साध्या फरशीचा पोछाही चालेल. काच, गाडी, नळाच्या चकचकीत तोट्या आणि कुंड्यांतली नाजूक रोपं यांना नको. काचेला शेवटचा हात द्यायला एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी धरा. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं ते पाणी, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. पिऊ मात्र नका. चैत्रात आपल्याकडे हवा कोरडी, बाटली भरायला वेळ लागेल, पण टेबलाला पेलाभर पुरतं. बघा, तेही फुकट आणि तेही वायाच जाणारं.

अहो_२०७ | सकाळी ७.४४

एसीचं सुचलं नव्हतं. आजच बाटली लावतो.

गुळपोळी | सकाळी ८.१०

तात्या, तुम्ही कुणाच्या हातात काय दिलंत हे तुम्हाला माहीत नाही.

ग्वाल्हेरची_आत्या | सकाळी ८.३०

जावईबापू, स्वागत. धोतर आहे का घरात?

गुळपोळी | रविवार, संध्याकाळी ७.१५

झालं! सविस्तर सांगते.

सकाळी नऊला, ऊन यायच्या आत, सुरुवात केली. जुन्या पत्रिका खाली पसरल्या, थेंब फरशीवर जाऊ नयेत म्हणून. साबणाचं पाणी, मग पुसणं. मग निंबूसतात भिजवलेले दोन जुने सुती पंचे संपूर्ण काचेवर. पंधरा मिनिटांनी उचलले तर साठ टक्के काम झालेलं. सासूबाई ज्या बाजूला बसतात तिथे थर जास्त, कारण तिथे त्या स्वतः जेवणानंतर पुन्हा एकदा पुसतात, त्याच टबाच्या पाण्याने. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तिथे दुसऱ्यांदा पंचा ठेवला. मग गोडं पाणी, मग अहोंचं एसीचं पाणी (चार दिवसांत पाऊण बाटली, रोज रात्री मोजलं जायचं), आणि शेवटी त्यांच्या मुंजीतलं सोवळं, जे आत्याबाईंच्या हुकमावरून कपाटातून निघालं.

एक युक्ती माझी मला सुचली. वरची बाजू आडवी पुसली आणि खालची उभी. आता एखादी रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. आधी वरची रेघ समजून दहा मिनिटं घासायची आणि ती निघायची खालची.

साडेपाचला ऊन आलं. टेबल दिसेना! अहोंनी स्टीलचा पेला ठेवला तर तो हवेत ठेवल्यासारखा. धाकटा म्हणाला, आई, काचमंदिर. (मागच्या महिन्यात शाळेने इतवारियाला नेलं होतं, तेव्हापासून सगळ्या चमकणाऱ्या वस्तू काचमंदिर आहेत.) सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लाकडाचं असतं तर एवढं करावं लागलं नसतं." पण पन्ह्याचे पेले कुठे मांडायचे ते त्यांनीच हातवारे करून दाखवलं.

अहो जेलरोडला जाऊन मीटर घेऊन आले आहेत. आत्तापर्यंत बोअर, नर्मदा, आरओ, टब, शेजाऱ्यांचा नळ आणि आजची आमटी मोजून झाली. आमटीचा आकडा मीटरच्या बाहेर गेला.

फक्त एक भानगड. काच इतकी स्पष्ट झाली आहे की आता खालून चिकटवलेलं दिसतं. मोठ्याच्या खुर्चीसमोर, अगदी कडेला, च्युइंगम. तीन. वेगवेगळ्या रंगांचे. यातलं एक निदान गेल्या गणपतीचं असावं, दगड झालंय.

काचकाप्या, टफन काचेला ब्लेड नाही हे माहीत आहे. मग काय?

काचकाप्या | संध्याकाळी ७.३२

प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दोन मिनिटं धरा, कडक झाला की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचका. उरलेल्या चिकटपणाला खोबरेल, मग साबण.

आणि हे काम मोठ्याकडूनच करून घ्या.